पोचवायला येणाऱ्यांचा कट्टा

आधीच सांगून ठेवते. आमच्या कोल्हापूरच्या विमानतळावर जाऊन तुम्ही हा कट्टा शोधायला लागाल, तर सापडायचा नाही. पुढच्या कामात तो गेला. त्याचं मला फार वाईट वाटत नाही, कारण ज्या कामासाठी तो बांधला होता ते काम एकदा झालं, आणि ते होताना मी तिथं हजर होते. पण तो कट्टा ज्यानं कागदावर काढला, त्या रुद्रय्या हिरेमठांबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, याचा मात्र राग येतो. इमारतीच्या पाटीवर उद्घाटनाच्या पाहुण्यांचं नाव, ठेकेदाराचं नाव, आमच्या सरांचं नाव. ज्या माणसानं सहा महिने मान मोडून एकेक रेघ मारली, तो कुठंच नाही. म्हणून मीच लिहायला बसले. राग आला की मला बरं सुचतं.

मी निशिगंधा, पेठ वडगावची. बाजारपेठेत आमचं बी-बियाणांचं दुकान. पुण्यात पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून १९९५ साली कोल्हापुरात विश्वजित सरांच्या ऑफिसात नोकरीला लागले. आमच्याकडं बाईमाणूसही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतं. पुण्यात त्याची इतकी टिंगल झाली की लिहिताना मी ‘येते, जाते’ लिहायला शिकले. बोलताना अजून ‘येतो’च. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझी खात्री होती.

ऑफिस राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. आत शिरलं की पहिला वास अमोनियाचा, नकाशांच्या निळ्या प्रती काढायच्या मशीनचा. दुसरा वास विभूतीचा. तो रुद्रय्यांचा. खिडकीजवळच्या तिरक्या टेबलाशी हा ड्राफ्ट्समन वीस वर्षं बसलेला. कपाळावर तीन पट्टे, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात कागदात गुंडाळलेलं दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की पात्यानं खरवडायची, अशी रीत. रुद्रय्यांना वर्षाला एकच पातं पुरायचं, कारण ते चुकायचेच नाहीत. गाव नेसरी. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही बंद.

पहिल्याच आठवड्यात मी एका बंगल्याचा नकाशा त्यांच्यापुढं टाकला. म्हटलं, “अण्णा, हे शाईत काढायचंय.”

त्यांनी पाच मिनिटं बघितलं. “ताई, नकाशा झ्याक हाय. पण घरात माणूसच न्हाय की.”

“माणसं नंतर येतील राहायला.”

“नंतर आल्यावर अवघडतील बिचारी. आदी बसवून बगूया.” असं म्हणून त्यांनी पेन्सिलीनं स्वयंपाकघरात पाटावर एक आजी काढली, विळीवर भाजी चिरत बसलेली. आणि मला दिसलं की मी काढलेलं दार उघडलं की थेट तिच्या गुडघ्यावर आपटतंय.

मी तडकले. दार हलवलं, पण दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी शेंगांची चटणी माझ्या डब्याच्या झाकणात वाढली. ती चटणी खाऊन कुणाला राग धरता येत नाही. तिथून पुढं आमचं जमलं ते जमलंच.

माणसं काढायची ही त्यांची खोडच होती. बाकीचे ड्राफ्ट्समन नकाशात माणूस म्हणजे एक गोळा आणि खाली दोन काड्या काढत. रुद्रय्यांची माणसं ओळखू यायची. दवाखान्याच्या चित्रात पायरीवर आमच्या झाडलोट करणाऱ्या बयाबाई केरसुणी टेकून बसलेल्या. शाळेच्या चित्रात व्हरांड्यात विश्वजित सर, पोट आत ओढून. सर रागवायचे, गिऱ्हाइकं मात्र खूश व्हायची.

१९९८ साली आमच्याकडं विमानतळाच्या वाढीव इमारतीचं काम आलं. तेव्हाची इमारत म्हणजे एक हॉल, एक काउंटर, सामान तोलायचा काटा आणि खुर्च्यांच्या चार रांगा. विमान छोटं, पंख्यांचं, आणि तेही आलं तर आलं. माहेरवाशिणीसारखं, पत्र येईल पण माणूस येईलच असं नाही. तरी काम मोठं होतं. निघणाऱ्यांसाठी नवा हॉल, सामानासाठी सरकती पट्टी, स्वच्छतागृहं, आणि मुंबईहून आलेल्या यादीत सर्वांत शेवटी एक ओळ: पोचवायला येणाऱ्यांसाठी जागा, दर प्रवाशामागे दीड माणूस.

रुद्रय्यांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली.

“ताई, अर्धा माणूस कुठनं आणायचा?”

“अण्णा, सरासरी असतीय ती.”

“कुठली तरी असंल. कोल्हापूरची न्हाय.”

आणि त्यांनी काय केलं, तर सलग तीन फेऱ्यांना सायकल मारत विमानतळावर गेले आणि झाडाखाली बसून माणसं मोजली. मीही एकदा गेले, उन्हात, वैतागत. तीन फेऱ्यांचे मिळून प्रवासी बेचाळीस, पोचवायला आलेले पाचशे अकरा. एक गृहस्थ मुंबईला दात दाखवायला निघाले होते, दोन दिवसांत परत येणार होते. त्यांना पोचवायला सत्तावीस माणसं. मी त्यातल्या एका मावशीला विचारलं, “दाताला एवढी माणसं?” तर म्हणाली, “दात त्यास्नी दिसतोय, आमाला माणूस जाताना दिसतंय की.”

“प्रवाशामागं बारा,” रुद्रय्या म्हणाले. “आणि ही बाराजणं काय करत्यात बगितलं न्हवं?”

बघितलं होतं. हॉलमध्ये त्यांना सोडत नव्हते. सगळी इमारतीला वळसा घालून तारेच्या कुंपणाला जाऊन चिकटत होती, म्हाताऱ्याकोताऱ्या मागं, उंच गडी पुढं, आणि टाचा वर करून एकमेकांना विचारत होती, चढला काय, चढला काय. आपल्याकडची रीतच आहे ती. एसटी असो, ट्रॅक्टर असो, माणूस नजरेआड झाल्याशिवाय पोचवणाऱ्यानं जागा सोडायची नाही.

त्या दुपारी डबा खाताना मी सहज विचारलं की अण्णा, तुम्हाला या गोष्टीचं एवढं का लागलंय. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

“माझा धाकटा भाऊ, वीरेश, बहात्तर साली मस्कतला गेला. आम्ही नेसरीहून मुंबईला पोचवाय गेलतो, अकरा माणसं. अव्वा, म्हंजे आमची आई, ती पण आलती, साठीची. तितं आमाला एका काचंमागं हुबं केलं, आन् काचंपुढं ह्यो एवढा खांब. खांबामागं विमान. अव्वाला कायबी दिसलं न्हाय. परत येताना सगळ्या वाटंनं एकच इचारायची, ‘हत्तिदना?’ चढला का. मी म्हणायचो, चढला अव्वा. ती म्हणायची, तू बगितलास? आता मी तरी कुठं बगितलावतं.”

“मग?”

“मग काय. पाच वर्षांनी वीरेश आला की परत, पोट सुटून. अव्वानं त्याला दारात हुबा केला आन् पयलं इचारलं, चढलावतास न्हवं?” रुद्रय्या हसले. मीही हसले. मग ते म्हणाले, “हसायचंच हाय ते. पण पाच वर्षं तिनं ते पोटात धरलं, ताई. माणूस चढताना दिसला पायजे. एवढंच माझं म्हणणं हाय.”

तेव्हापासून ते माझंही म्हणणं झालं.

रुद्रय्यांनी इमारतीच्या उत्तर अंगाला लांबलचक सोपा, म्हणजे उघडा व्हरांडा, काढला. बारा फूट खोल, वर पत्रा, खाली फरशी, पुढं जाळीचं कुंपण, जाळीपलीकडं विमान उभं राहायची जागा. पत्र्याची वळचण चार फूट पुढं काढलेली. मी म्हटलं एवढी कशाला, तर म्हणाले, “गगनबावड्याची माणसं येतील. त्यांच्याकडचा पाऊस सवतीसारखा मागनं येतोय.” सर्वांत शेवटी त्यांनी सोप्यात माणसं बसवली. बयाबाई, आमचा चहावाला, स्वतःची बायको गंगव्वा इरकल नेसलेली. आणि पलीकडं विमानाच्या शिडीवर एकच माणूस: दोन वेण्यांची एक मुलगी, मागं वळून हात हलवणारी. ती त्यांची रक्षिता. तेव्हा अकरा वर्षांची.

“ही कुठं चालली?” मी विचारलं.

“जाईल की कुठंतरी,” ते म्हणाले. “हुशार हाय.”

पुढच्या फेब्रुवारीत मंजुरी देणारे साहेब मुंबईहून आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईतला. जागेवर फिरले, नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि सोप्यावर बोट ठेवलं.

“हे काय? दीड माणसाच्या हिशेबात ही जागा बसत नाही. आणि जाळी चालणार नाही. इथं सात फुटी भरीव भिंत येईल. नियम आहे.”

मी तोंड उघडलं. विश्वजित सरांनी मागून माझ्या कोपराला चिमटा काढला आणि म्हणाले, “हो साहेब, काढून टाकतो.” एवढं मोठं काम हातचं जाईल ही त्यांची भीती, आणि ती खोटी नव्हती. पण मला तेव्हा सरांना त्याच जीपखाली घालावंसं वाटलं होतं. रुद्रय्यांच्या दोन्ही भाषा बंद. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली, रबर लावलं, आणि म्हणाले, “साहेब दुपारच्या विमानानं जाणार न्हवं? पोचवाय येतो आमी.”

“अहो, कशाला त्रास,” साहेब म्हणाले.

“त्रास कसला. रीतच हाय की.”

ही त्यांची युक्ती होती की खरंच रीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढं कितीदा विचारलं, नुसते हसायचे. दुपारी विमानतळावर ऑफिसातले आम्ही नऊ, ठेकेदाराची सात माणसं, सरांचे आई-वडील, साहेब उतरले होते त्या लॉजचा मॅनेजर, ज्याच्याकडं ते एकदा तांबडा रस्सा जेवले तो खानावळवाला बायकोसकट, आणि बयाबाई. मी मोजली, बावीस माणसं. साहेबांना शाल झाली. नारळ झाला. पाच किलो गुळाची ढेप झाली. मग ठेकेदारानं साहेबांच्या डोक्यावर फेटा बांधला, वर उभा तुरा ठेवून. एवढ्यात दुसऱ्या प्रवाशांची माणसं आली. त्या एका हॉलच्या दारात अशी चेंगराचेंगरी झाली की साहेबांना स्वतःच्याच विमानाच्या काउंटरपर्यंत पोचता येईना. एका हातात ढेप, दुसऱ्या हातात नारळ, बॅग कुठं गेली पत्ता नाही. शेवटी बॅग डोक्यावर घेऊन बयाबाईंनी वाट काढली. “सरका, सरका, सायबाचं इमान चुकंल.”

आत जाता जाता साहेबांनी बघितलं तर बयाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. ते थांबले.

“बाई, तुम्ही का रडताय? आपली तर ओळखही नाही.”

“वळक कशाला लागती,” बयाबाई म्हणाल्या. “जातंय न्हवं माणूस.”

मग आम्ही सगळे पळत पळत तारेच्या कुंपणापाशी गेलो. ऊन मी म्हणत होतं. साहेब शिडीपाशी आले, थांबले आणि मागं वळून आमच्याकडं बघितलं. बावीस माणसं तारेला लोंबकळलेली, खानावळवाल्याची बायको मागं उड्या मारतेय, तिला काही दिसत नाही. साहेबांनी हात हलवला. मग शिडी चढून विमानाच्या दाराशी गेले, आणि फेटा दाराला अडकला. खाली वाकून, फेटा हातानं दाबून आत गेले. आम्ही खूप हसलो. त्या फेट्याकडं तेव्हाच नीट बघायला पाहिजे होतं. पण त्यातली खोच तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही, आणि रुद्रय्यांच्याही नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पोचवायला येणाऱ्यांची जागा नकाशात दाखवल्याप्रमाणे ठेवावी. भिंत मात्र सात फूट, भरीव. त्यात बदल नाही.

मी पत्र टेबलावर आपटलं. “मग काय भिंत बघायला बसायचं माणसांनी? बारा फूट सोपा आणि पुढं सात फूट भिंत. त्यापेक्षा खांब बरा होता.”

रुद्रय्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. “भिंत ऱ्हाऊ दे ताई. भिंत खाली येत नसंल तर माणसं वर उचलूया.”

“कशी?”

“खासबागेत कुस्त्या बगितल्यात न्हवं? शेवटच्या रांगंतल्या माणसाला पैलवानाचा लंगोट दिसतोय. मग हितं आपली पोरगी दिसाय नको?”

आणि दुसऱ्या दिवसापासून सोप्याचा कट्टा झाला. सहा फुटांचं जोतं, म्हाताऱ्यांना चढायला बाजूनं उतार, आणि वर एकामागं एक रुंद पायऱ्या, मांडी घालून बसता येईल अशा. आता प्रश्न एकच होता, पायरी किती उंच? कमी ठेवली तर मागच्याला दिसत नाही, जास्त ठेवली तर आज्जीला चढवत नाही. पुस्तकात आकडे होते, मी दाखवले. रुद्रय्या म्हणाले, हे आकडे खुर्चीवर बसणाऱ्या माणसांचे आहेत, आपली माणसं मांडी घालतात. मग ऑफिसात टेबलांवर पाट रचले गेले. मागं वर बयाबाई, कारण ऑफिसात सर्वांत बुटक्या त्याच. पुढं खाली खुद्द रुद्रय्या, कारण सर्वांत उंच तेच. मी पट्टी घेऊन मापं घेतेय, आणि बयाबाईंना हसू आवरेना.

“हलू नका हो,” मी ओरडले.

“आगं, अण्णांच्या टकलावर माशी बसलीया.”

“माशी दिसतीय न्हवं?” खालून रुद्रय्या म्हणाले. “मग बरोबर हाय. नऊ इंच धरा.”

नऊ इंचांच्या पायरीवर बयाबाईंची नजर रुद्रय्यांच्या डोक्यावरून दोन बोटं सुटून जात होती. सर्वांत बुटकी बाई मागं, सर्वांत उंच गडी पुढं, म्हणजे बाकी कुणालाही दिसणारच. त्यांनी छेदचित्र काढलं, कट्टा उभा कापल्यावर बाजूनं दिसेल तसं. प्रत्येक डोळ्यापासून भिंतीवरून विमानाच्या शिडीपर्यंत एकेक बारीक तुटक रेघ, एकूण शंभर-सव्वाशे रेघा, एकही कुणाच्या डोक्याला शिवत नव्हती. मी पुण्यात नावाजलेल्या आर्किटेक्टांची चित्रं बघितली होती. तसलं चित्र पुन्हा बघितलं नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं. ते लाजले आणि चहा मागवला.

इमारत २००१ साली उभी राहिली. उद्घाटनाला रुद्रय्यांना निमंत्रणपत्रिका मिळाली नाही, म्हणून मीही गेले नाही, आणि सरांना तसं तोंडावर सांगितलं. मध्येच ऑफिसात कॉम्प्युटर आले. रुद्रय्यांनी एक महिना माऊस हातात धरून बघितला आणि म्हणाले, “ताई, ह्यात रेघ मारताना हाताला कागद लागत न्हाय.” २००४ साली ते निवृत्त होऊन नेसरीला गेले. जाताना ब्लेडचं पातं मला दिलं. ते माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे, एका बाजूनं धार गेलेलं.

विमानं मात्र रुसली होती. महिनोन्‌महिने एकही नाही. कट्ट्यावर कुत्री झोपायची. कधी गाठ पडली की रुद्रय्या पहिल्यांदा तेच विचारायचे, “कट्ट्यावर कोण बसलंवतं काय?” मी खोटं बोलायचे. म्हणायचे, गर्दी होती अण्णा. त्यांना कळत असणार, पण त्यांनी मला कधी पकडलं नाही.

मग २००८च्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. मुंबईची फेरी परत सुरू झाली होती, आणि रक्षिताला सिंगापूरला नोकरी लागली होती. इंजिनिअर झाली होती पोरगी. कोल्हापूरहून मुंबई, मुंबईहून पुढं.

“मंगळवारी दुपारी,” ते म्हणाले. “येणार न्हवं पोचवाय?”

“मी येतोच की,” म्हटलं. “किती माणसं?”

“बारा धरलीत की आपण.”

मंगळवारी मी आणि बयाबाई रिक्षा करून गेलो, तर समोर नेसरीचा एक टेम्पो आणि दोन ट्रॅक्स गाड्या. उतरता उतरता मी मोजलं, त्रेचाळीस माणसं. वीरेशकाकांनी, म्हणजे मस्कतवाल्या धाकट्या भावानं, ठरवलं होतं की घराण्यातली पहिली पोरगी विमानानं चाललीय, तर साधंसुधं जायचं नाही. ट्रॅक्समध्ये त्यांनी गुलाबी फेट्यांचा गठ्ठाच आणला होता. घरातले झाडून सगळे बाप्ये फेटे बांधून तयार. रुद्रय्यांच्या डोक्यावर सर्वांत मोठा. मुलीचा बाप म्हणून.

रक्षिता सगळ्यांच्या पाया पडली. वाकून वाकून तिची कंबर गेली असेल. गंगव्वांनी तिच्या ओटीत खोबऱ्याची वाटी घातली, ती तिनं जीन्सच्या खिशात कोंबली. मला म्हणाली, “ताई, बाबांनी माझं चित्र काढलेलं ना त्या नकाशात, तसाच हात हलवणार आहे मी.” आणि आत गेली.

मग सगळे कट्ट्यावर. कुत्री उठून गेली. त्रेचाळीस माणसं उतारावरून चढून पायऱ्यांवर बसली, मांडी घालून, अगदी नकाशात काढल्यासारखी. बाप्ये पुढं, बाया मागं. बसा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही. रुद्रय्या पहिल्या पायरीवर मधोमध. मी त्यांच्याकडं बघत होते. सात वर्षांनी त्यांचा कट्टा भरला होता. मला आनंदानं रडू येत होतं, आणि मी ते लपवलं नाही.

भिंतीपलीकडं विमान उभं होतं, शिडी लागलेली. प्रवासी एकेक करून बाहेर पडायला लागले. तेवढ्यात मागून, सर्वांत वरच्या पायरीवरून गंगव्वांचा आवाज आला.

“अहो, काय दिसंना झालंय.”

“दिसतंय की,” रुद्रय्या समोर बघतच म्हणाले. “नऊ इंच हाय.”

“कुठलं नऊ इंच? निस्तं गुलाबी दिसतंय.”

रुद्रय्या वळले. मीही वळले. आणि दोघांना एकदमच कळलं. कट्ट्यावर अकरा फेटे होते. एकेक चांगला वीतभर उंच, वर तुरा. ज्या माणसानं कोल्हापूरची माणसं बारा म्हणून धरली, मांडी घालून धरली, गगनबावड्याचा पाऊस धरला, त्यानं सगळी डोकी उघडी काढली होती. कारण मापाला बसलेलं डोकं त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यावर टक्कल होतं. दोन बोटं मोकळी ठेवली होती. तिथं फेटा मावत नाही.

बाहेर रक्षिता दिसली. पाठीला बॅग, शिडीकडं चालत होती.

“फेटे काढा रे,” रुद्रय्या ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकलं. स्वतःचा फेटा ओढून त्यांनी खाली टाकला. पण बाकीच्यांना काय झालंय तेच कळेना, आणि मानाचा फेटा असा पटकन कोण काढतो? मग ते स्वतःच उठले. विमानाकडं पाठ करून वाकून, रांगेतून एकेकाच्या डोक्यावरचा फेटा काढत चालले. पुतण्याचा काढला, मेव्हण्याचा काढला. नऊ-नऊ हात कापड सुटून सगळ्यांच्या मांड्यांवर पसरलं. शेवटचा वीरेशकाकांचा. त्यांनी तो कुणी पाडू नये म्हणून मागं पिन मारून पक्का केला होता. रुद्रय्या ती पिन शोधत राहिले.

मागं बायांमध्ये एकदम गलका झाला. बयाबाई दोन्ही हात वर करून हलवत होत्या. मी समोर बघितलं. रक्षिता शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली, वळली आणि हात हलवला, अगदी त्या चित्रातल्यासारखा. मग आत गेली.

पिन निघाली. गुलाबी कापड हातात घेऊन रुद्रय्या सरळ झाले आणि वळून बघितलं. शिडी मोकळी होती.

मला वाटलं, आता हा माणूस इथंच बसणार. पण त्यांनी वर, मागच्या पायरीकडं बघितलं आणि बायकोला विचारलं, अगदी हळू, कन्नडमध्ये,

“हत्तिदळा?”

चढली का.

गंगव्वांचे डोळे भरले होते, पण तोंडभर हसू होतं. त्यांनी मान हलवली.

“हत्तिदळु,” त्या म्हणाल्या. “मी बगितलं.”

रुद्रय्यांनी हातातला फेटा खांद्यावर टाकला आणि तिच्याशेजारी वरच्या पायरीवर जाऊन बसले. विमान दिसेनासं होईपर्यंत कुणी उठलं नाही.